सात पिढ्या आणि आतला खिसा

कारा-बुलुन
२ ऑगस्ट २०००

भावा बेइशेन,

सलाम. मी बरी आहे, मेंढ्या बऱ्या आहेत, उजवा गुडघा बरा नाही. तू शिवलेले बूट आणि पत्र कापारच्या मिनीबसमधून पोचलं. बूट चांगले, पत्र वाईट. दोन पानं लिहिलीस आणि स्वतःला सांभाळून राहतो, एवढं एक वाक्य त्यात नाही.

रेडिओवर मोठ्या शहरांबद्दल काय काय सांगतात ते मी ऐकते. तू जन्मभर खोगिरं शिवलीस. घोडा लाथ मारणार हे तुला त्याच्या कानावरून कळतं. माणसाचं तुला काही कळत नाही. बायको होती तोवर तिने तुला सांभाळलं, देव तिला जागा देवो. आता अल्माटीत तुझ्याकडे कोण बघणार? पूर्वी तो आपलाच देश होता, आता परका झाला आहे. म्हणून नीट वाच.

भिंतीकडेने चालू नकोस, दारातून आत ओढतात. रस्त्याच्या मधून चाल. कोणी वेळ विचारली तर घड्याळ काढू नकोस, आकाशाकडे बघून सांग. हसऱ्या माणसापासून लांब राहा. आणि डोक्यावर बाबांची कालपाक घालत जा. ती पांढरी टोपी शंभर पावलांवरून दिसते, म्हणजे आपला माणूस तुला ओळखेल. परक्या मुलुखात आपल्याच माणसाचा आधार.

सोबत दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या आहेत आणि कोठाराचं जुनं कुलूप. तुझ्या बूट शिवायच्या टपरीला लाव.

अनारकुल

•

अल्माटी
१४ ऑगस्ट २०००

अनारअक्कास सलाम.

रस्त्याच्या मधून ट्राम जाते, अक्का. ती थांबत नाही.

परवा एकाने वेळ विचारली. तुझा मान राखावा म्हणून मी आकाशाकडे पाहिलं. ढग होते. तो माणूसही बराच वेळ माझ्याबरोबर वर बघत उभा राहिला, मग निघून गेला. तेव्हापासून शेजारचा किल्लीवाला मला विचारतो, "उस्ताद, पाऊस कधी येणार?"

तुझं कुलूप माझ्या टपरीच्या दारापेक्षा जड आहे. लावलं तर दार खाली येतं. चोर आला तर टपरी नेईल आणि कुलूप ठेवून जाईल. मी ते एरण म्हणून वापरतो, टाच ठोकायला उत्तम आहे.

आता तुझी खात्री पटेल असं सांगतो. कोटाला आतून, डाव्या बाजूला, मी घोड्याच्या कातड्याचा खिसा शिवला आहे. दुहेरी टाका, मेणाचा दोरा. पासपोर्ट त्यात असतो. तो खिसा कापायचा तर आधी मला कापावं लागेल. आणि टोपी मी घालतो. तू सांगितलंस म्हणून नाही, बाबांची आहे म्हणून.

मी शुक्रवारच्या नमाजाला जातो, कोणाशी भांडत नाही, दारू पीत नाही. यापेक्षा सुरक्षित माणूस या शहरात तुला मिळायचा नाही. आता तरी हा विषय सोड.

बेइशेन

•

कारा-बुलुन
१ सप्टेंबर २०००

बेइशेन,

घोड्याच्या कातड्याचा खिसा ऐकून बरं वाटलं. कधीतरी डोकं चालवतोस.

बाबांच्या वर्षश्राद्धाचा दिवस ठरला. ८ ऑक्टोबर, रविवार. जेवणावळीला कापायची घोडी निवडली आहे, करडी. तीन गावांना बोलावणं गेलं. दगडावर नाव कोरून झालं, आता तुझीच वाट.

गेल्या वर्षी बाबा गेले तेव्हा तू तिसऱ्या दिवशी पोचलास. खिंड बर्फाने बंद होती, तुझा दोष नाही, हे मी शंभर जणांना शंभरदा सांगितलं. पण कबरीवर माती टाकायला मुलगा नव्हता, हे लोक विसरलेले नाहीत. या वेळी कुराण वाचून झालं की सात पिढ्यांची नावं घेऊन दुआ पोचवायची ती तुझ्या तोंडून. मुल्ला म्हणाले, "मुलगा जिवंत असताना मी म्हणणार नाही." मला म्हणता येत नाही असं नाही, मला तुझ्यापेक्षा चांगली पाठ आहेत. पण मला म्हणू देणार नाहीत.

५ तारखेपर्यंत ये. मनुका आण. उशीर करू नकोस.

अनारकुल

•

अल्माटी
६ सप्टेंबर २०००

अनारअक्कास सलाम.

पत्र मिळालं. हिवाळी बुटांची कामं फार आली आहेत. ५ तारखेचं आजच नक्की सांगता येत नाही. प्रयत्न करतो आहे.

समजा, मला जमलंच नाही, तर मुल्लांना चुलतभावाकडून नावं म्हणवून घेता येतील का, एवढं विचारून ठेव. नुसतं विचारून ठेव.

मी बरा आहे. कोटाचा खिसा शाबूत आहे.

बेइशेन

•

कारा-बुलुन
१३ सप्टेंबर २०००

बेइशेन,

खिसा शाबूत आहे! मी खिशाचं विचारलं होतं का?

हिवाळी बूट म्हणे. आपल्या बापापेक्षा कोणाचे पाय मोठे झाले तुला? चुलतभावाला विचारू? त्याला तिसऱ्या पिढीच्या पुढे नावं येत नाहीत. चौथ्याला तो स्वतःच्या सासऱ्याचं नाव घेतो.

आणि ऐक, मला सगळं कळलं आहे. कापार सांगत होता, त्याने तुला दोनदा आपल्या वकिलातीच्या पायरीवर पाहिलं. दाढी केलेली, हातात कागद. मी म्हटलं, कागद कसले? तो म्हणाला, "अक्का, तिथे लोक लग्नाचे कागद करायलाच जातात."

कोण आहे ती? कझाक आहे का? पन्नाशीला आलास. लग्न कर, मी नाही म्हणत नाही, पण बापाच्या वर्षश्राद्धाच्या महिन्यात? निदान तिच्या सात पिढ्या तरी विचारल्यास का?

तू आला नाहीस तर मी लोकांना काही सांगणार नाही. तुझी जागा रिकामी ठेवीन, तिच्याकडे बघत बसेन. लोकांना काय समजायचं ते समजू दे.

अनारकुल

•

अल्माटी
१८ सप्टेंबर २०००

अनारअक्का,

बाई नाही. कापारला म्हणावं, गाडी चालव.

पासपोर्ट गेला आहे. वकिलातीत म्हणतात, नवा मिळायला डिसेंबर उजाडेल. कागदाशिवाय सीमेवरून सोडत नाहीत. दोनदा विनवलं. तिथल्या मुलीने मला पाणी दिलं आणि फॉर्म पुन्हा भरायला लावला. हे तुला लिहायची लाज वाटली, म्हणून बूट लिहिले.

२५ ऑगस्टला, शुक्रवारी, नमाजाहून परतत होतो. भरदुपारी ट्रामच्या थांब्यावर एक माणूस समोर आला. पस्तिशीचा, नीटनेटका. "अस्सलाम अलैकुम, दादा. टोपीवरून आपल्या नारीनकडचे दिसता." मी सलाम घेतला. त्याने विचारलं, "कुणाचे?"

आता तूच सांग, आपल्यात कुणाचा असं विचारल्यावर गप्प कसं राहायचं? मी सांगितलं. बाबा, काचिबेक, सारिबाय, बेर्दिबेक, तोगोलोक आणि वरचे दोन. त्याचे डोळे मोठे झाले. म्हणाला, "थांबा दादा, थांबा!" आणि स्वतःच्या पिढ्या म्हणू लागला. चार नावं घडाघडा म्हटली. पाचव्याला त्याचा कंठ दाटला, अडखळला, आणि म्हणाला, "तोगोलोक! दादा, आपण पाचव्या पिढीचे भाऊ!" तीन वर्षांत या शहरात मला कोणी भाऊ म्हटलं नव्हतं, अक्का. त्याने मला मिठी मारली, दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंनी, आपल्यात मारतात तशी. मीही मारली. मग मी त्याला चहा पाजला, मांसाचे समोसे खाऊ घातले. जाताना त्याने पुन्हा मिठी मारली. पहिल्या मिठीत गेला की दुसऱ्या, ते मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी पोलीस शिपायाने कागद मागितले तेव्हा खिशात हात घातला. खिसा खरंच शाबूत होता. एक टाकासुद्धा सुटला नव्हता. कापणाऱ्यासाठी मी तो शिवला होता, भावासाठी नाही.

आता एक गोष्ट लिहितो, राग आला तर येऊ दे. भिंतीकडेने चालल्याने मला काही झालं नाही. वेळ सांगितल्याने काही झालं नाही. जे झालं ते टोपीमुळे आणि आपल्या माणसामुळे झालं.

मुल्लांना विचारून ठेव.

बेइशेन

•

कारा-बुलुन
२० सप्टेंबर २०००

बेइशेन,

खुळ्या, समोसेही तूच घातलेस? ते नंतर बोलू.

कापार दारात गाडी चालू ठेवून उभा आहे. एवढंच सांग. त्या मेल्याने जी चार नावं घडाघडा म्हटली, ती कोणती? एकही चुकवू नकोस. क्रमाने लिही.

अनारकुल

•

अल्माटी
२४ सप्टेंबर २०००

अनारअक्का,

जाकिप, ओस्मोनआली, किदिर, साते.

पण चोराने सांगितलेल्या नावांचं तू काय करणार? खोटीच असणार ती. मी मशिदीत त्याला माफ करायचा प्रयत्न केला. तीनदा केला. जमत नाही. पासपोर्टचं एक वेळ जमेल, पण त्याने मला भाऊ म्हटलं होतं.

बेइशेन

•

कारा-बुलुन
१ ऑक्टोबर २०००

बेइशेन,

बसून वाच.

खोटी नावं म्हणे! अरे, खोटा बाप कोणी पाठ करतो का? चार वर्षांच्या पोराला घोड्यावर पुढे बसवून जे म्हणवून घेतलेलं असतं ते तोंड उघडलं की आपोआप बाहेर पडतं. तुला घाईने नावं सांगायला लावलं तर तू दुसऱ्याची सांगू शकशील? त्याला फक्त पाचवं बदलायचं होतं, तिथेच तो अडखळला. तुला वाटलं कंठ दाटला. कंठ दाटला!

सोमवारी आमच्याकडे लोकरीचा जाड नमदा थापायला अकरा बायका होत्या. मी ओल्या लोकरीवर उभं राहून मोठ्याने विचारलं, "ओस्मोनआली, बाप किदिर, आजा साते. कोणाला ठाऊक?" तिसऱ्या बाईने मान वर केली. तिच्या नणंदेचं सासर खिंडीपलीकडे कोक-साजला आहे. ओस्मोनआली म्हातारा तिथेच राहतो, ब्याऐंशी वर्षांचा. मुलगा जाकिप वारला, नातू तालाय अल्माटीत विजेऱ्या विकतो. विजेऱ्या!

बुधवारी कापारच्या गाडीने गेले. म्हाताऱ्याकडे तीन वाट्या चहा प्याले, मेंढ्यांचं बोलले, गुडघ्याचं बोलले. चौथी वाटी पालथी ठेवली आणि सगळं सांगितलं. चोरीचं सांगितलं तेव्हा तो जमिनीकडे बघत राहिला. पण पाचवा तोगोलोक म्हटल्यावर काठी घेऊन उभाच राहिला. "आमचा पाचवा तोइचू! माझा सख्खा पणजोबा! चोरी केली ती केली, पण भर रस्त्यात माझ्या पणजोबाला उठवून त्याच्या जागी दुसऱ्याचा बसवला?" त्याच्या सुनेला त्याला धरून बसवावं लागलं.

मग तो टपाल कचेरीत गेला आणि नातवाच्या खोलीवर फोन लावायला लावला. मी शेजारी होते. एकच वाक्य बोलला, "त्या माणसाचा कागद घेऊन त्याच्याकडे जा आणि त्याला त्याच्या बापाच्या कबरीपर्यंत पोचवून ये, नाहीतर माझ्या मातीला येऊ नकोस." आणि फोन ठेवला.

तासाभराने नातवाचा उलट फोन आला. पासपोर्ट अजून विकलेला नाही, असं म्हणतो. मंगळवारी येईल तुझ्या टपरीवर. त्याला मारू नकोस. समोसेही घालू नकोस.

अनारकुल

•

अल्माटी
१६ ऑक्टोबर २०००

अनारअक्कास सलाम.

सुखरूप पोचलो. वर्षश्राद्धाच्या गर्दीत तुझ्याशी निवांत बोलता आलं नाही. तू पाहिलंस ते सगळ्यांनी पाहिलं. जे कोणी पाहिलं नाही ते लिहितो.

तालाय मंगळवारी आला, सकाळी, टपरी उघडायच्या आधी. पासपोर्ट दोन्ही हातांनी पुढे धरला. मी घेतला, पानं उलटली, खिशात ठेवला आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. तो म्हणाला, "तिकिटं काढली आहेत." मी म्हटलं, "मी एकटा जाईन." तो म्हणाला, "दादा, तुम्ही एकटे गेलात तर मला दुसरा आजोबा शोधावा लागेल."

मग काय, ज्याने लुटलं त्याच्याच मांडीला मांडी लावून दिवसभराचा प्रवास. सीमेपर्यंत मी बोललो नाही. तो मात्र बोलत होता. "दादा, खिडकीशी बसा, वाटेतल्या बाजूला बसू नका. सीमेवर ओझं उचलायला धावणाऱ्याला थैली देऊ नका. बिश्केकच्या स्थानकावर कोणी पाठीवर कोटाला चिखल लागलाय म्हणाला तर वळू नका. वळलात की दुसरा पुढून येतो. कोणी पडलेलं पाकीट उचलून वाटून घेऊ म्हणाला तर पळत सुटा." मी शेवटी चिडून विचारलं, "आणि मिठी मारायला आला तर?" तो म्हणाला, "त्याला उपाय नाही, दादा. म्हणून तर मी ते करायचो."

अक्का, तुझ्या सगळ्या सूचनांपेक्षा त्या चोराच्या सूचना कामाच्या होत्या. आणि बिश्केकला खरंच एकजण म्हणाला, "काका, कोटाला मागे चिखल लागलाय." मी वळणारच होतो. तालायने माझा दंड धरला आणि त्या माणसाकडे नुसतं पाहिलं. तो निघून गेला. मला तालायचे आभार मानावे लागले. आपल्याला लुटणाऱ्याचे आभार मानताना तोंडाला कसली चव येते, ते लिहिता येत नाही.

पुढे चढणीला त्याला झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर पडलं, डाव्या बाजूला, बरोबर खिशावर. मी दोनदा बाजूला केलं. तिसऱ्यांदा केलं नाही.

वर्षश्राद्धाला तो सर्वांत मागे, जोडे काढतात तिथे बसला होता, तू पाहिलंस. मी नावं घेतली. बाबा, काचिबेक, सारिबाय, बेर्दिबेक. तोगोलोकपाशी आलो आणि मीच अडखळलो. लोकांना वाटलं असेल, कंठ दाटला. खरं म्हणजे माझी नजर त्याच्याकडे गेली होती. त्याने मान खाली घातली होती आणि त्याचे ओठ हलत होते. तो माझ्याबरोबर म्हणत होता की मनात स्वतःच्या तोइचूची माफी मागत होता, मी विचारलं नाही. कबरीवर मूठभर माती टाकली. बाबांना वर्षभर वाट बघायला लावली होती, ती त्या मुठीने संपली. एवढ्यासाठी मी त्याला माफ केलं, असं म्हणतो. पूर्ण झालं का, ते देवाला ठाऊक. अजून कोट खुंटीला लावताना खिसा चाचपतो.

बेइशेन

•

कारा-बुलुन
२३ ऑक्टोबर २०००

बेइशेन,

तू माफ कर, ते तुझं आणि देवाचं. मी नाही करणार, माझा गुडघा त्या खिंडीत आणखी दुखावला.

म्हातारा ओस्मोनआली परवा स्वतः येऊन गेला, एक कोकरू ठेवून गेला. म्हणाला, "आपण पाचव्या पिढीचे नाही, पण एकमेकांच्या दारी येणारे तरी होऊ." कोकरू चांगलं आहे.

आता ऐक. मी विचार करून नवा नियम काढला आहे आणि नमद्याच्या बायकांनाही सांगितला आहे. परदेशात कोणी विचारलं, कुणाचा, तर चारच नावं सांगायची आणि थांबायचं. पाचवं समोरच्याला सांगू द्यायचं. खरा आपला असेल तर त्याला येईल. येत नसेल तर सलाम करून चालू लागायचं. मिठी नाही, चहा नाही. साधं आहे. तुलाही जमेल.

आणि टोपी घातलीस तरी चालेल. बाबांची आहे.

अनारकुल

•

अल्माटी
५ नोव्हेंबर २०००

अनारअक्कास सलाम.

पासपोर्ट जागेवर आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

तुझा नियम काल वापरला. त्याच थांब्यावर, दुपारी. एक म्हातारा उभा होता, पायाशी थैली, डोक्यावर आपली टोपी. मी लांबूनच वळणार होतो, पण त्याने पाहिलं. सलाम केला. मग विचारलंच, "कुणाचा रे तू?"

मी चार नावं सांगितली आणि थांबलो. पाचव्यासाठी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. एक ट्राम येऊन गेली. शेवटी त्याने कानामागे हात धरला आणि म्हणाला, "पुढे? दम लागला का?"

मी गप्प.

"विसरलास?"

मी गप्प. अक्का, मी तुझा नियम पाळत होतो. घामाने टोपी भिजली.

तेव्हा त्याने मान हलवली, रागाने नाही, कीव आल्यासारखी, आणि म्हणाला, "बिचारा. बापाने शिकवलं नाही वाटतं."

आता तूच सांग. आपल्या बाबांना, त्यांच्या दगडावरची अक्षरं अजून नवी असताना, कोणी असं म्हणावं आणि मी चार नावांवर उभा राहावं? मी म्हटली. सातही म्हटली, मोठ्याने. थांब्यावरची माणसं वळून बघत होती. एक हात कोटाच्या डाव्या बाजूला घट्ट धरून म्हटली, हे तुझ्या समाधानासाठी सांगतो. म्हाताऱ्याने सगळी ऐकली, बोटांवर मोजली, आणि म्हणाला, "हं. आमचा नाहीस. पण घर चांगलं दिसतं. एवढी थैली तेवढी ट्राममध्ये चढव."

थैलीत बटाटे होते. ती एका हाताने उचलण्यासारखी नव्हती, अक्का.

बेइशेन